राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : गावाला एकत्र बसायला शिकविणारे संत

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे आणि या भूमीत आपल्या वऱ्हाडाचा वाटा लहान नाही. गेल्या शतकात याच वऱ्हाडाने दोन असे महापुरुष दिले की ज्यांनी देव शोधण्यासाठी लोकांना गावाबाहेर पाठविले नाही, तर गावातच देव दाखविला. एक श्रीसंत गाडगेबाबा आणि दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. दोघेही अमरावती जिल्ह्यातले. दोघांनीही झाडू हातात घेतला. गाडगेबाबांनी गाव झाडून स्वच्छ केले. तुकडोजी महाराजांनी त्या झाडलेल्या जागेवर गावकऱ्यांना ओळीने बसविले आणि आता आपल्या गावाचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा, अशी शिकवण दिली. आसेगावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांचे चरित्र आठवणे उचित ठरेल. कारण देऊळ कसे बांधावे हे सांगणारे पुष्कळ असतात, पण बांधून झालेल्या देवळात गावाने काय करावे, याचा विचार त्यांच्याइतका कोणी क्वचितच केला असेल.

जन्म आणि बालपण

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. वडिलांचे नाव बंडोजी, आईचे नाव मंजुळाबाई. आईवडिलांनी मुलाचे नाव माणिक ठेवले होते. घरात शिवणकामाचा धंदा होता आणि परिस्थिती अगदी बेताची. माणिकचे शाळेतले शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही. पुस्तकापेक्षा भजनाची ओढ अधिक. वरखेड येथील आडकोजी महाराज यांच्या सहवासात त्या ओढीला दिशा मिळाली. आडकोजी महाराज हेच त्यांचे सद्गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले आणि पुढे जगाने तेच नाव डोक्यावर घेतले.

लहान वयातच माणिक घर सोडून रानावनात हिंडू लागला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी या भागांतील डोंगर आणि जंगले त्यांनी पालथी घातली, ध्यानधारणा केली. मात्र ते रानात कायमचे राहिले नाहीत, ही त्यांच्या चरित्रातील महत्त्वाची गोष्ट आहे. ते लोकांत परत आले. येताना त्यांच्या हातात खंजिरी होती. खंजिरीवर थाप पडली आणि आवाज लागला की ऐकणारा माणूस जागचा हलत नसे. मराठीत आणि हिंदीत त्यांनी हजारोंच्या संख्येने भजने रचली. ती साध्या भाषेत होती, त्यामुळे शेतमजुरापासून वकिलापर्यंत सर्वांना कळत.

गर्दी आणि गाव

सन १९३५ मध्ये सालबर्डीच्या डोंगरात महाराजांच्या पुढाकाराने महायज्ञ झाला. त्या काळात रस्ते कच्चे, वाहने बैलगाडीची, तरी लाखो लोक तेथे जमले. एवढ्या तरुण वयात एवढा लोकसमुदाय ज्याच्या शब्दावर येतो, त्या माणसाला तेथेच गादी थाटून बसता आले असते. पाया पडणारे पुष्कळ होते, देणगी देणारेही पुष्कळ मिळाले असते. पण महाराजांचा पुढचा मार्ग पाहिला म्हणजे कळते की गर्दीवर ते समाधानी नव्हते. यात्रा संपली की माणूस आपल्या गावी परततो. त्याच्या गावात नाली तुंबलेली असते, विहिरीवर शिवाशिव असते, पांदण रस्त्यात गुडघाभर चिखल असतो आणि दोन भाऊबंदांचा धुऱ्याचा वाद कोर्टात चाललेला असतो. यात्रेने यांतले काहीच बदलत नाही. बदल व्हायचा तर गावातच झाला पाहिजे आणि तो गावच्याच माणसांनी केला पाहिजे.

त्याच सुमारास अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. ओसाड जागेवर श्रमदानातून हा आश्रम उभा राहिला. सन १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला गेले आणि सुमारे महिनाभर तेथे राहिले. गांधीजी त्याच वर्षी सेवाग्रामला राहावयास आले होते. सफाई, सूतकताई, ग्रामोद्योग यांची घडी तेथे बसत होती. गावाची सेवा हीच देशाची सेवा, हा विचार महाराजांच्या मनात आधीपासून होता. तेथे त्याला बळ मिळाले.

पुढे १९४२ चे आंदोलन पेटले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोकांचा उठाव झाला. महाराजांच्या भजनांनी त्या भागातील तरुण भारावलेले होते. ब्रिटिश सरकारने त्याच ऑगस्ट महिन्यात महाराजांना चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, येथे अटक केली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत सुमारे शंभर दिवस ठेवले. सुटून आल्यावर महाराज स्वस्थ बसले नाहीत. सन १९४३ मध्ये अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची रीतसर स्थापना झाली. त्याच वर्षी गुरुकुंजात छापखाना आला आणि श्रीगुरुदेव मासिक निघू लागले. कामाची शिस्त अशी की प्रचार तोंडी राहू नये, तो छापील स्वरूपात गावोगावी पोहोचावा.

एका ओळीत बसणे

सेवा मंडळाची शाखा गावात सुरू झाली की पहिले काम असे ते सामुदायिक प्रार्थनेचे. पहाटे ध्यान, नंतर रामधून म्हणत गावफेरी, वाटेत झाडलोट आणि सायंकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. प्रार्थनेच्या ठिकाणी मूर्ती नसे. स्वच्छ मांडलेले एक अधिष्ठान असे आणि समोर सरळ ओळींत लोक बसत. कोणत्याही धर्माच्या माणसाला तेथे परकेपणा वाटू नये, अशी ती योजना होती.

वरवर पाहता ही साधी गोष्ट आहे. पण त्या काळच्या खेड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे तिचे मोल कळते. गावची बैठक म्हणजे पाटलाच्या ओसरीवर किंवा चावडीत भरायची. मोठ्या घरचे लोक बाजेवर किंवा सतरंजीवर, बाकीचे जमिनीवर, आणि दलित वस्तीतले लोक पायरीखाली हात जोडून उभे. बायांचा तर प्रश्नच नव्हता. अशा बैठकीत निर्णय कोण घेणार, हे कोण कुठे बसले यावरूनच ठरलेले असे. महाराजांनी बोलण्याच्या आधी बसणे बदलले. मालक आणि सालदार एका ओळीत बसले, रोज बसले, वर्षभर बसले, की मग सालदाराच्या तोंडून शब्द निघू लागतो. आपली वस्ती पाण्यासाठी तहानलेली आहे, हे तो सर्वांसमक्ष सांगू शकतो. गावाचे नियोजन तेथून सुरू होते. कागद, नकाशा, अंदाजपत्रक या पुढच्या गोष्टी झाल्या.

अस्पृश्यतेच्या विरुद्ध महाराजांनी आयुष्यभर प्रचार केला. देवळे आणि विहिरी सर्वांना खुल्या झाल्या पाहिजेत, ही त्यांची भूमिका ठाम होती. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. हुंडा, बालविवाह, लग्नात आणि तेराव्यात होणारी उधळपट्टी, दारू यांवर त्यांनी भजनांतून कोरडे ओढले. हे केवळ समाजसुधारणेचे स्वतंत्र विषय नव्हते. जो माणूस कर्जात बुडाला आहे, दारूत बुडाला आहे किंवा ज्याला देवळाच्या पायरीवर अडविले आहे, तो गावाच्या कामात कसा येणार? गाव एक व्हावे म्हणून हे सर्व अडथळे दूर व्हायला हवे होते.

ग्रामगीता

स्वातंत्र्य आले. सन १९५१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १९५२ पासून देशात सामूहिक विकास योजना आली. विकास गट झाले, ग्रामसेवक आले, रस्ते, विहिरी, शाळा यांसाठी पैसा येऊ लागला. ही चांगलीच गोष्ट होती. पण तिच्यासोबत एक सवयही आली. गावाने अर्ज करायचा आणि कचेरीने द्यायचे. आपल्याला काय हवे याचा विचार गावाने करण्याऐवजी काय मिळते याची वाट पाहायची. मिळालेल्या विहिरीचा गाळ काढणे हेसुद्धा सरकारचे काम, अशी समजूत होऊ लागली.

याच काळात, १९५५ साली, महाराजांचा ग्रामगीता हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकेचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ म्हणजे खेड्याच्या संपूर्ण जीवनाचा आराखडाच आहे. ओवी ही वऱ्हाडातल्या घराघरात म्हटली जाणारी रचना. बाया जात्यावर ओव्या म्हणत, पारावर पोथी ओवीतच वाचली जाई. म्हणून महाराजांनी खतखड्डा, सांडपाणी, संडास, व्यायाम, ग्रामोद्योग, गोपालन, शिक्षण, गावचे तंटे गावातच मिटविणे, हे सगळे विषय ओवीत आणले. निरक्षर माणसालाही ते ऐकून पाठ करता येत होते. ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केला. पण ही ग्रामदेवता गावातल्या लोकांच्या रूपात वावरते, हा त्यांचा भाव होता.

या ग्रंथात मतदानाचाही विचार आहे. जात, नाते, पैसा किंवा जेवणावळ पाहून मत देऊ नये, गावाचे काम कोण करील हे पारखून द्यावे, असे महाराजांनी बजावले. चुकीच्या हाती सत्ता गेली तर त्याचा दोष मत देणाऱ्याकडेही येतो, हे त्यांनी स्पष्ट केले. देवळांविषयीही त्यांचे मत असेच रोखठोक होते. देऊळ हे केवळ नवस फेडण्याचे ठिकाण नसावे. तेथे स्वच्छता असावी, प्रार्थना असावी, वाचन असावे, गावच्या भल्याचा विचार असावा. देवळात जमलेला पैसा आणि माणसांची श्रद्धा या दोन्हींचा उपयोग गाव वर येण्यासाठी व्हावा.

खेड्यापासून देशापर्यंत

सन १९५५ मध्येच महाराज जपानला गेले आणि तेथील जागतिक परिषदेत त्यांची खंजिरी वाजली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. सन १९५६ मध्ये भारत साधु समाजाची स्थापना झाली आणि पहिल्या अध्यक्षपदाचा मान महाराजांना मिळाला. या कामामागे त्या वेळचे केंद्रीय नियोजन मंत्री गुलझारीलाल नंदा यांची प्रेरणा होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. देशाची योजना दिल्लीत तयार झाली तरी ती खेड्यात पोहोचवायची तर लोकांचे सहकार्य हवे, आणि खेड्यातला माणूस ज्याचे ऐकतो तो साधुसंतच. म्हणून नियोजन खात्याच्या मंत्र्याला साधूंची आठवण झाली. महाराजांनी ते पद स्वीकारले. परंतु सरकारची योजना लोकांना सांगणे एवढेच त्यांचे काम नव्हते. लोकांनी स्वतः योजना करावी, हा त्यांचा आग्रह आधीपासूनचा होता.

विनोबाजींच्या भूदान चळवळीला त्यांनी साथ दिली. सन १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते सीमेवर जाऊन जवानांसमोर भजने गायले. दुष्काळ असो, पूर असो, सन १९६७ चा कोयनेचा भूकंप असो, मदतीसाठी ते धावून गेले. एवढे असूनही त्यांचे मुख्य स्थान मोझरीच राहिले आणि त्यांची खरी कसोटी खेडेच राहिले.

याच वर्षांत राज्यकारभाराची घडीही बदलत होती. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ साली आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आपला भाग त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता. वाशिम हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. कायद्याने गावाला अधिकार दिले. पण अधिकार चालवायला लागणारी सवय कायद्याने येत नाही, ती रोजच्या वागण्यातून येते. महाराज गावोगावी जी शिस्त लावीत फिरले ती हीच सवय होती.

महानिर्वाण

शेवटच्या काळात महाराजांना कर्करोगाने गाठले. दुखणे असह्य असतानाही गावोगावच्या कार्यकर्त्यांची चिंता त्यांना होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज आश्रमात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी सायंकाळचे ४ वाजून ५८ मिनिटे झाली होती. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात लाखो लोक जमतात आणि नेमक्या त्या मिनिटाला एवढा मोठा जनसमुदाय मौन धरून उभा राहतो. कोणी कोणाला दटावीत नाही, तरी आवाज नसतो. सामुदायिक शिस्त म्हणजे काय, हे त्या दृश्यात दिसते. सन २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. प्राथमिक शाळेच्या पुढे न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला लागावे, यातच त्यांचे मोठेपण आले.

देऊळ झाले, पुढे काय?

महाराजांना जाऊन अर्धशतक उलटून गेले. ते ज्यासाठी झिजले त्यातले बरेच आता कायद्यात आले आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, असा नियम आहे. ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावयाची असते. सन २०१५ पासून आमचा गाव, आमचा विकास या उपक्रमात ग्रामपंचायतीने गावचा आराखडा लोकांना विचारून तयार करावयाचा आहे. म्हणजे पूर्वी गाव मागत होते आणि कचेरी ठरवीत होती, आता ठरविण्याचा मान गावाकडे आला आहे.

परंतु हा मान घेण्यासाठी माणसे यावी लागतात. दवंडी होते, नोटीस फळ्यावर लागते आणि सभेला मोजके लोक येतात. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग जे दहा-पंधरा जण हजर असतील त्यांच्यासमोर वर्षभराच्या कामांचे ठराव होतात. ते कायद्याला धरूनच असतात, त्यात कोणाला नाव ठेवता येत नाही. पुढे वर्षभर पारावर बसून मात्र गाव कुरकुरते की अमुक रस्ता का झाला आणि आमच्या वस्तीची नाली का राहिली. ज्या दिवशी विचारायचे होते त्या दिवशी विचारले नाही आणि ज्या दिवशी विचारून उपयोग नाही त्या दिवशी विचारत बसलो, असे हे होते. ई-क्लासच्या जमिनीचे काय करायचे, पांदण रस्ता कोणत्या शेतातून कसा मोकळा करायचा, शाळेची भिंत आधी की पाण्याची टाकी आधी, हे प्रश्न गावाइतके चांगले कोणालाच सोडविता येत नाहीत. पण त्यासाठी एकत्र बसणे आले, दुसऱ्याचे ऐकणे आले आणि आपल्या गल्लीच्या पुढचे पाहणे आले.

जीर्णोद्धाराचे काम तरी वेगळे काय असते? काम काय करायचे ते सर्वांनी बसून ठरवावे लागते. खर्चाचा अंदाज काढावा लागतो. ज्याची ऐपत त्याने पैसा द्यावा, ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावे, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने रेती आणावी. वर्गणीची पावती फाडावी लागते, हिशेब सर्वांसमोर ठेवावा लागतो. कमी पडले तर पुन्हा बसावे लागते. परगावी नोकरीला गेलेल्यांनाही आपले गाव म्हणून हाक मारावी लागते. गावाचे नियोजन म्हणतात ते हेच. जे गाव देवळासाठी एवढे करू शकते, ते गाव पाण्यासाठी, शाळेसाठी आणि स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी का करू शकणार नाही?

ग्रामगीतेचे पारायण अनेक गावांत भक्तिभावाने होते आणि ते झालेच पाहिजे. परंतु पारायण आटोपून पोथी लाल कापडात बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशीची ग्रामसभा ओस पडली, तर महाराजांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचले, असे कसे म्हणावे? महाराजांची खरी पूजा म्हणजे देवळाच्या सभामंडपात सर्व वस्त्यांतल्या माणसांनी, बायांनी आणि तरुणांनी ओळीने बसावे, आठवड्यातून एक तास प्रार्थना करावी आणि प्रार्थना संपल्यावर लगेच उठून न जाता गावातल्या एका प्रश्नावर बोलावे. जे ठरेल ते वहीत लिहावे, पुढच्या बैठकीला त्याचे काय झाले ते वाचावे आणि तोच विषय ग्रामसभेत न्यावा. एवढे झाले तरी कळसाइतकीच उंच गोष्ट या देवळात घडेल.

ज्या दात्यांनी या कामाला हात दिला, ज्या मजुरांनी घाम गाळला आणि ज्या मायबहिणींनी मूठमूठ धान्य दिले, त्या सर्वांचे दान सार्थकी लागण्याचा मार्गही हाच. देवळाचे दार सर्वांना उघडे राहो, सभामंडप कधी रिकामा न राहो आणि गावाचा विचार गावानेच करण्याची बुद्धी ग्रामदेवता सर्वांना देवो, हीच राष्ट्रसंतांच्या चरणी विनम्र प्रार्थना.